घरीच शिकवायचं ठरलंय? मग पुस्तकं सगळ्यात शेवटी घ्या

लेकराला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिल्याच आठवड्यात पुस्तकांची, किटची ऑर्डर जाते. खरं तर ते काम शेवटी करायचं असतं. त्याआधी चार गोष्टी नक्की व्हायला हव्यात: पुढंमागं लेकरू कुठल्या शाळेत जाणार किंवा कुठल्या परीक्षेला बसणार, शिकवणार कोण आणि कधी, शिकवायचं कुठल्या भाषेत, आणि लेकराला आज काय काय येतं. या चारांची उत्तरं कागदावर आली की समोरच्या पर्यायांतले बरेचसे आपोआप गळतात आणि उरलेल्या दोन-तीनांतून निवड करणं फार अवघड राहत नाही.

हा लेख चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे बालवाडीपासून दुसरीपर्यंत, फार तर तिसरी.

पायरी १ : परतीचा रस्ता आधी पाहून ठेवा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलांना लागू होतो. मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य असल्याचं त्याच्या कलम १० मध्ये म्हटलं आहे, पण दाखल न करणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा करण्याची तरतूद या कायद्यात नाही. दुसरीकडं, घरी शिकणाऱ्या मुलाची वेगळी नोंदणी करून घेणारी, त्याला प्रमाणपत्र देणारी यंत्रणाही नाही. याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ असा की लेकराकडं गुणपत्रक नसेल, शाळा सोडल्याचा दाखला नसेल आणि शाळेमार्फत मिळणारा विद्यार्थी क्रमांकही नसेल.

गावात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं तेव्हा शिक्षक दारात येतात. त्यांच्याशी हुज्जत घालण्यात काही हशील नाही, ते त्यांचं काम करत असतात. जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि लेकराच्या वह्यांची फाइल पुढं ठेवा, काय शिकवतोय ते सांगा. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांशी आधीच ओळख असेल तर फारच बरं, कारण परत शाळेत घालायची वेळ आली की हीच ओळख कामी येते.

परत घालताना कलम ४ चा आधार असतो. मूल शाळेत गेलेलं नसलं तरी त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आठ वर्षांचं लेकरू पहिलीत बसवावं लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत हे सहसा सुरळीत होतं. खासगी शाळा मात्र मागच्या वर्षाचं गुणपत्रक आणि टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मागतात, आणि अडतं ते तिथंच.

काही दारं बंद होतात, तीही आधी माहीत हवीत. खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असलेल्या २५ टक्के राखीव जागांवरचा प्रवेश फक्त प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला मिळतो, मग ती पहिली असो की पूर्वप्राथमिक. ते वर्ष घरी गेलं की ती संधी गेली. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेसाठी मुलानं तिसरी ते पाचवी मान्यताप्राप्त शाळेत केलेली असावी लागते, आणि पाचवी त्याच जिल्ह्यात. शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्जही शाळेमार्फतच जातात. आपल्याकडं नवोदयची स्वप्नं लेकरू रांगत असतानाच पाहिली जातात. तुमच्या घरात ते स्वप्न असेल तर तिसरीच्या जूनमध्ये लेकरू शाळेत असलं पाहिजे. म्हणजे तुम्हाला अभ्यासक्रम फक्त दुसरीपर्यंतचा निवडायचा आहे, आठवीपर्यंतचा नाही.

शाळेत परत घालायचंच नसेल तर मुक्त शाळा आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या आहेत: अ म्हणजे तिसरी, ब म्हणजे पाचवी आणि क म्हणजे आठवी. दहावीला १४ वर्षं पूर्ण झाल्यावर बसता येतं आणि मराठी माध्यमही मिळतं. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पुण्याला आहे, त्याच्या पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा असतात. बाहेरून दहावीला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म सगळ्यांच्या तोंडी असतो, पण तो शाळेतून मधेच गळालेल्या मुलांसाठी आखलेला आहे. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, त्यामुळं कधीच शाळेत न गेलेल्या मुलानं त्याच्या भरवशावर राहू नये.

आता एका कागदावर तीन ओळी लिहा: सहाव्या वर्षी कुठं, आठव्या वर्षी कुठं, दहाव्या वर्षी कुठं. "नक्की नाही" असं लिहिलं तरी चालेल. पण तसं लिहिलंत तर अभ्यासक्रम राज्याच्या पुस्तकांच्या फार लांबचा निवडू नका.

पायरी २ : शिकवणारं माणूस आणि त्याचं घड्याळ

पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी कायद्यानं वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास धरले आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. हा आकडा पाहून घरीही चार तास बसवणारे पालक पंधरवड्यात थकतात. वर्गातल्या वेळेत हजेरी असते, तीस मुलांच्या वह्या असतात, गोंधळ असतो. घरी एकास एक शिकवताना पाच ते सहा वर्षांच्या मुलाला ३० ते ४० मिनिटं पुरतात. सहा ते सातला तासभर आणि सात ते आठला दीड ते दोन तास. तेही सलग नव्हे, १०-१५ मिनिटांच्या तुकड्यांत. पाच वर्षांच्या आत टेबलाशी बसवायची गरजच नाही.

मग खरा प्रश्न: तो तास रोज कोण देणार? आई नोकरीला आणि आजी घरी असेल, आजीला मराठी वाचता येतं पण इंग्रजी नाही, तर इंग्रजी सूचनांचा अभ्यासक्रम कितीही गाजलेला असला तरी तुमच्या कामाचा नाही. संध्याकाळी दमून आलेल्या बापाला रोज अर्धा तास तयारी करावी लागेल असा अभ्यासक्रम दिवाळीपर्यंत टिकत नाही. शिकवणाऱ्याला काय बोलायचं, काय दाखवायचं हे ओळ न ओळ लिहून देणारे अभ्यासक्रम असतात, आणि नुसत्या कल्पना देऊन मोकळे होणारेही असतात. नवख्यानं पहिलं वर्ष पहिल्या प्रकारचा घ्यावा. कंटाळवाणा वाटतो, पण चालतो.

वर्षाचा हिशेबही आत्ताच करा. तयार इंग्रजी अभ्यासक्रम बहुधा ३६ आठवड्यांचे, आठवड्याला पाच दिवसांचे, म्हणजे १८० धड्यांचे असतात. आपल्या वर्षातून उन्हाचे चार आठवडे काढा. मे महिन्यात पत्र्याच्या घरात दुपारी अकरानंतर मोठ्या माणसालाही बसवत नाही. पेरणीचे दोन, सोयाबीनची काढणी आणि दिवाळी मिळून चार, लग्नसराई आणि जत्रा-उरूस तीन, सर्दी-ताप-पाहुणे तीन. राहिले ३६. आणि आठवड्याला पाच दिवस कधीच होत नाहीत, चार धरा. ३६ गुणिले ४ म्हणजे १४४. म्हणजे १८० धड्यांचं पाकीट घेतलंत तर पहिल्या दिवसापासून तुम्ही ३६ धडे मागं आहात. म्हणून घेताना हे पाहायचं की कुठले धडे गाळले तरी पुढचं अडत नाही, आणि ते पुस्तकात सांगितलं आहे का. सांगितलं नसेल तर तो अभ्यासक्रम सतत "मागं पडलोय"चा घोर लावतो.

वेळ सकाळची ठेवा, सात ते नऊच्या दरम्यान. ऊन नसतं. आणि रोजचा धडा व्हिडिओवर चालणारा असेल तर लोडशेडिंगच्या आठवड्यात तो बुडतोच.

पायरी ३ : भाषा

पहिलं वाचन ज्या भाषेत लेकरू भांडतं त्या भाषेत. लातूर-परभणीकडं बहुतेक घरांत ती मराठी असते, पण सगळ्यांत नाही. बालभारतीची पुस्तकं आठ माध्यमांत निघतात: मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगू. त्यामुळं उदगीर-उमरग्याकडची कन्नड घरं, देगलूरकडची तेलुगू घरं आणि उर्दू घरं यांच्यासाठी सोय आहे. तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या बंजारा घरांसाठी माध्यमाचं पुस्तक नाही. तिथं निदान पाच-सहा महिने गोष्टी, मोजणी, वस्तूंची नावं, सूचना सगळं गोरमाटीत करायचं, मराठी फक्त कानावर पडू द्यायची आणि मग मराठी अक्षरांकडं यायचं. समजत नसलेल्या भाषेत अक्षरं लावायला शिकलेलं मूल घडाघडा वाचतं, पण काय वाचलं ते सांगू शकत नाही.

परत जायचं आहे ती शाळा सेमी इंग्रजी असेल तर घाबरून पहिलीपासून इंग्रजी गणित सुरू करायचं कारण नाही. बालभारतीचं गणिताचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी माध्यमांत त्याच धड्यांचं, त्याच क्रमाचं मिळतं. शिकवणी मराठीतून, आणि दुसरीच्या अखेरीस इंग्रजी प्रत शेजारी ठेवून अ‍ॅडिशन, डिजिट, ग्रेटर दॅन असे शब्द ओळखीचे करून घ्यायचे.

पायरी ४ : आज काय येतं ते तपासा

वय सहा म्हणून पहिलीचं पुस्तक, हा सगळ्यात महागात पडणारा अंदाज. अर्ध्या तासाची तपासणी दोन सकाळी मिळून करा. पाहुणे आणि चुलत भावंडं नसताना.

वाचनासाठी दहा अक्षरं उलटसुलट क्रमानं एका कागदावर लिहा. "क ख ग घ" ओळीत म्हणणारं मूल मधलंच "भ" दाखवल्यावर पुन्हा "क"पासून सुरुवात करत असेल तर त्याला अक्षरओळख झालेली नाही, पाठांतर झालेलं आहे. मग काना असलेले पाच शब्द, मग चार-पाच शब्दांची दोन वाक्यं, मग छोटा उतारा. प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीचा वाचन-तक्ता मराठीत मोफत मिळतो आणि त्याची रचना हीच आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट.

गणितासाठी १२ चिंचोके मोजायला द्या. मोजून झाल्यावर ते पसरवून पुन्हा विचारा, "आता किती?" पुन्हा एकपासून मोजायला लागलं तर संख्येची कल्पना अजून पक्की व्हायची आहे. तसं नसेल तर २९ आणि ९२ लिहून दाखवा, वाचायला सांगा. ७ चिंचोके मुठीत झाकून त्यातले ३ बाहेर काढा आणि मुठीत किती राहिले ते विचारा.

तुलनेला फुटपट्टी हवी तर जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाची घ्या. पहिलीच्या शेवटी चार-पाच शब्दांची अनोळखी सोपी वाक्यं वाचता यावीत आणि संख्या ९९ पर्यंत. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत. तिसरीच्या शेवटी किमान ६० शब्द, समजून, आणि ९,९९९ पर्यंत. ही वर्षअखेरची उद्दिष्टं आहेत, सुरुवातीची पात्रता नव्हे.

बहुधा असं निघतं की गणित एका इयत्तेचं आणि वाचन दुसऱ्याच इयत्तेचं. ठीक आहे. घरी शिकवण्याचा फायदाच हा. म्हणून एका इयत्तेचं सगळं पाकीट एकत्र विकणाऱ्यांकडून घेताना विषय सुटे मिळतील का, हे आधी विचारा.

पायरी ५ : समोर काय काय आहे

बालभारती. १९६७ पासून राज्याची पाठ्यपुस्तकं काढणारं हे मंडळ. पुस्तकांच्या पीडीएफ त्यांच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात, छापील पुस्तकांची भांडारं लातूरला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पीडीएफ चाळण्यासाठी ठीक, पण झेरॉक्सवाल्याकडून काढून आणायची नाही. काळं-पांढरं पान दोन-तीन रुपयांना धरलं तरी शंभर पानांचे दोनशे-तीनशे होतात, त्याहून छापील रंगीत पुस्तक स्वस्त. मोठी सावधगिरी आवृत्तीची. पहिलीची पुस्तकं २०२५-२६ पासून नव्या आराखड्यानुसार बदलली आणि पुढच्या इयत्तांची टप्प्याटप्प्यानं बदलायची ठरली. शेजारच्या घरातून आलेली थोरल्या भावंडाची पुस्तकं आवृत्तीचं वर्ष पाहिल्याशिवाय मुख्य पुस्तक म्हणून धरू नका. कमकुवत बाजू अशी की पुस्तक वर्गासाठी लिहिलेलं आहे. सराव कमी आहे, तो शिक्षक फळ्यावर देणार हे गृहीत धरलेलं आहे. घरी तो तुम्हालाच बनवावा लागतो.

एनसीईआरटी, म्हणजे केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था. सीबीएसई शाळेत जायचं असेल तर हिचीच पुस्तकं. २०२३ पासूनची पहिली-दुसरीची पुस्तकं, हिंदीचं 'सारंगी', इंग्रजीचं 'मृदंग' आणि गणिताचं 'आनंदमय गणित', खेळातून शिकण्यावर भर देणारी आहेत आणि पीडीएफ मोफत आहेत. मराठीत नाहीत. मराठी घरात हिंदी गणित वापरलं की संख्यानामांचा घोळ होतो: घरी एकोणतीस, पुस्तकात उनतीस. त्यापेक्षा इंग्रजी प्रत घेऊन तोंडानं मराठीत शिकवलेलं बरं.

परदेशी तयार संच. सूचना चांगल्या लिहिलेल्या असतात, हे मान्य. पण गणितात डॉलर आणि सेंट, इंच आणि पौंड. परिसरात चार ऋतू आणि बर्फ. पहिलीच्या पैशांच्या धड्याची पंधरा-वीस पानं वाया जातात. भाषेचा भाग तर मराठीसाठी शून्य उपयोगाचा, त्यामुळं निम्मं पाकीट बाजूलाच राहतं. घ्यायचंच तर फक्त गणित किंवा फक्त इंग्रजी वाचन घ्या. केंब्रिजसारख्या मंडळांचं नाव लावून विकणारे भेटतील. या वयात कुठल्याही मंडळाची परीक्षा नसते, म्हणून त्या नावासाठी पैसे मोजू नका.

मॉन्टेसरी पद्धत चार ते सहासाठी उत्तम, साहित्य महाग. पण निम्मं घरी होतं. पुठ्ठ्यावर पॉलिश पेपरची अक्षरं कापून चिकटवा, परातीत बारीक वाळू घ्या. विकतच्या संचात बहुधा रोमन अक्षरं येतात, देवनागरी तसंही तुम्हालाच कापावं लागणार.

ॲप्स मुख्य अभ्यासक्रम म्हणून नकोत. सरकारच्या दीक्षा ॲपवर पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचे व्हिडिओ आहेत, नेट असताना उतरवून ठेवा.

पायरी ६ : पुस्तक चाळताना नेमकं काय पाहायचं

इथं घाई करू नका. मुखपृष्ठ आणि चित्रं सोडा, दोन जागा उघडा.

पहिली जागा, अक्षरांचा क्रम. पुस्तक "अ ते अः", मग "क ते ज्ञ", मग बाराखडी असं जात असेल तर लेकराला पहिला शब्द वाचायला तीन-चार महिने थांबावं लागतं. आणि सुटे स्वर तसे शब्दांत फार येत नाहीत, येतात त्या मात्रा. चांगलं पुस्तक चार-पाच अक्षरांचा गट आणि एक मात्रा बरोबर देतं. उदाहरणार्थ म, क, न, ल आणि काना. एवढ्यात मका, कान, नाक, काम, माल, लाल, मामा, काका, कमान, नकल असे शब्द होतात आणि दुसऱ्या आठवड्यात "मामाला मका" वाचता येतं. पुस्तकाची पहिली वीस पानं पाहा: शिकवलेल्या अक्षरांतूनच बनलेले शब्द किती आहेत ते मोजा. दहाच्या आत असतील तर पुस्तक ठेवून द्या. दिसायला सारखी अक्षरं, ब-व, घ-ध, भ-म, ड-इ, एकाच आठवड्यात आलेली नसावीत. एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं आणलं की गोंधळ महिनोन्‌महिने जात नाही. जोडाक्षरं आणि रफार सातच्या पुढं.

शब्दांत "आहे" लिहिलंय आणि लेकरू "हाय" वाचतंय, किंवा "पाणी"ला "पानी" म्हणतंय, तर ती वाचनाची चूक धरू नका. अर्थ पोचलेला आहे. बोट शब्दावर ठेवून एकदा छापील रूप म्हणा आणि पुढं चला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर दुसरीपर्यंत लाल रेघ मारायला सांगणारा अभ्यासक्रम लिहायची भीती बसवतो, बाकी काही नाही.

दुसरी जागा, ११ ते ९९. मराठीत "एकवीस" म्हणताना एक आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी लिहायचा असतो, म्हणून मुलं १२ लिहितात. "एकोणतीस"मध्ये तीस ऐकू येतं म्हणून ३९ होतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात "वीस एक" अशी वाचायची रीत आली तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. त्या पुस्तकाच्या समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. वादात काहीही म्हटलं गेलं असो, घरी महिनाभर आधार म्हणून "वीस आणि एक, एकवीस" म्हणायला काहीच हरकत नाही, उपयोग होतो. मुद्दा असा की इंग्रजीतून आलेले अभ्यासक्रम या भागाला एक-दोन आठवडे देतात, कारण त्या भाषेत वीसनंतर क्रम सरळ आहे. मराठीतून शिकणाऱ्याला सहा ते आठ आठवडे लागतात. पुस्तकात तेवढा वेळ नसेल तर तिथं थांबून स्वतः वाढवा. साहित्य फुकटचं: तुराट्यांच्या बोटभर शंभर काड्या आणि रबरं. दहाच्या जुड्या बांधायच्या, "तीन जुड्या आणि चार सुट्या" असं आधी म्हणायचं, मग चौतीस, मग ३४ लिहायचं. एकोणतीस म्हणजे तीन जुड्यांतली एक काडी काढून घेतलेली. हे हातानं केल्यावर "एकोण" डोक्यात बसतं.

याशिवाय दोन गोष्टी झटकन पाहून घ्या. कार्यपुस्तिका एकदा लिहून संपणारी आहे का, धाकट्यासाठी पुन्हा घ्यावी लागेल का. आणि पाच वर्षांच्या आत रेघांच्या वहीत कित्ता गिरवायला लावला आहे का. असेल तर ती पानं वगळा. त्या वयात बोटांना ताकद यायला कणीक मळणं, तुरीच्या शेंगा सोलणं आणि पाटीवर खडूनं मोठं गिरवणं पुरतं.

परिसर, इतिहास, विज्ञान यांना आठ वर्षांच्या आत वेगळं पुस्तक घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. आठवडी बाजारात दहाच्या नाण्यांनी भाजी घेणं, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, काट्यावर पोतं पाहणं, येळवसला (वेळा अमावस्येला) रानात गेल्यावर गहू-हरभरा-करडी ओळखणं, जायकवाडीच्या नाथसागरावर हिवाळ्यात पक्षी पाहणं, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात जुनी खापरं पाहणं, एवढ्यात दोन वर्षं भरतात. जुन्या तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या जिल्हावार आवृत्त्या होत्या, आपल्या जिल्ह्याची मिळाली तर वाचून दाखवायला ठेवा. गोष्टींसाठी स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठीत पातळीनुसार लावलेल्या गोष्टी मोफत आहेत.

पायरी ७ : पैसे देण्याआधी दहा दिवस

दोन पर्याय उरले की प्रत्येकाचे नमुना धडे मिळवा. बालभारती आणि एनसीईआरटीचे मिळतातच. खासगी विक्रेता पूर्ण दोन धडेही दाखवायला तयार नसेल तर तिथंच थांबा. एक पर्याय सलग दहा दिवस चालवा, मग दुसरा. दोन्ही मिसळू नका, नाहीतर काय कशामुळं झालं ते कळत नाही.

रोज तीन नोंदी करा. शिकवणाऱ्याला तयारीला किती मिनिटं लागली: वीसच्या वर जात असतील तर तो अभ्यासक्रम तुमच्या घरात टिकणार नाही. लेकरानं मदत न घेता पहिल्याच प्रयत्नात दहापैकी किती बरोबर केले: नऊ-दहा येत असतील तर फार सोपं, चार किंवा कमी असतील तर फार अवघड, सहा ते आठ ही योग्य जागा. आणि धडा ठरलेल्या वेळेत संपला का. दहाव्या दिवशी पहिल्या दोन दिवसांतले शब्द आणि संख्या उलटसुलट विचारा. निम्म्याहून जास्त विसरले असतील तर अभ्यासक्रमात उजळणी कमी आहे. ती तुम्ही भरणार असाल तरच घ्या.

पहिल्या तीन दिवसांची कुरकुर मोजू नका. सातव्या-आठव्या दिवशीही वही पाहिली की लेकरू पळत असेल, तर एकदा पातळी उतरवून पाहा. बहुतेक वेळा पद्धत बरोबर असते आणि पान चुकीच्या इयत्तेचं असतं.

पायरी ८ : घ्यायचं किती आणि नोंद कशाची

पहिल्या वर्षी विकत घ्यायचं ते एवढंच: भाषेचं एक पुस्तक, गणिताचं एक, चौकटीच्या दोन वह्या, दुरेघी दोन, पाटी आणि गोष्टींची दहा-बारा पातळ पुस्तकं. इंग्रजी या वयात कानानं, गाण्या-गोष्टींनी. मराठी वाचन चालू लागल्यावर चार-सहा महिन्यांनी अक्षरं. एकदम सहा विषय सुरू करणाऱ्यांचे ऑगस्टपर्यंत दोनच उरतात, आणि ते दोन क्वचितच भाषा आणि गणित असतात. जूनमध्ये दुकानांत झुंबड उडते आणि एखादं पुस्तक हमखास संपतं, म्हणून मे अखेरीस घेऊन ठेवा.

नोंदीसाठी एक वही, दिवसाला एकच ओळ: तारीख, पान, अडलं काय. महिन्याला लेकराच्या हातचं एक लिखाण आणि एक गणिताचं पान तारीख टाकून फाइलीत. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये, पायरी ४ ची तपासणी पुन्हा करून तिचा कागद जोडा. मुख्याध्यापकांसमोर वयानुरूप प्रवेश मागताना हीच फाइल बोलते.

मधेच अभ्यासक्रम बदलायची हुक्की येणारच, विशेषतः लातूरच्या नातेवाईकानं त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला पंधरापर्यंत पाढे येतात असं सांगितलं की. बदलायचं ते दिवाळीनंतरच्या तपासणीवर, फोनवर ऐकलेल्या पाढ्यांवर नाही. भाषेचं पुस्तक बदलणार असाल तर नव्या पुस्तकाची पहिली अक्षरं लेकराला आधीच येत असतील. तिथून सुरू करू नका. तपासणीत जिथं अडलं ते अक्षर नव्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते शोधा आणि त्याच्या चार पानं आधीपासून धरा. गणितात तसं करता येत नाही. दशक-एककाचा भाग नव्या पुस्तकातून पूर्ण पुन्हा करून घ्या, कारण जुड्या, मण्यांची माळ, चौकटी यांतलं साधन प्रत्येक पुस्तकाचं वेगळं असतं आणि पुढची वजाबाकी त्याच साधनावर उभी केलेली असते.